पुढचा किंग कोणता? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पात्रतेचं आधी बघू. तुम्ही स्टीफन किंगचं एक पुस्तक वाचलेलं असावं. एकच. ते मित्रानं गळ्यात मारलं, की फोर्टच्या फुटपाथवर पावसाच्या भीतीनं विक्रेत्यानं स्वस्तात दिलं, याची चौकशी आम्ही करत नाही. ते संपल्यावर दोन-तीन रात्री तुम्ही बाथरूमचं दार आधी पायानं ढकलून, आत कोणी नाही याची खात्री करून मगच दिवा लावला असावा, आणि तरीही पुढचं पुस्तक हवंसं वाटत असावं. बस्स. ज्यांनी एकही वाचलेलं नाही त्यांनी एक वाचून यावं. ज्यांनी वीस वाचलीत त्यांना सल्ला लागत नाही. ते देत फिरतात.

तुमची अडचण संख्येची आहे. १९७४ साली ‘कॅरी’ आली तेव्हापासून या माणसाच्या साठाहून अधिक कादंबऱ्या झाल्या. त्यातल्या काही त्यानं रिचर्ड बाकमन हे नाव घेऊन लिहिल्या, जणू आपल्या नावावरचा माल बाजारात कमी पडत होता. कथा वेगळ्याच. २००० साली आलेल्या ‘ऑन रायटिंग’ या पुस्तकात त्यानं रोजचा हिशोब दिलाय: दिवसाला दोन हजार शब्द. हा लेख साधारण तेवढाच आहे, आणि तो एका सकाळीत झालेला नाही. नोकरी, लोकल आणि मुलांचे क्लास सांभाळून तुम्ही वाचाल त्यापेक्षा तो लवकर लिहितो. म्हणून ‘सगळा किंग वाचून काढू’ हा संकल्प आजच सोडावा. निवड करावी लागेल. ती कशी करायची, ते पुढे.

पायरी पहिली: कोणालाही विचारू नका

किंगच्या वाचकाला ‘आता कुठलं वाचू?’ असं विचारलं की तो पुस्तकाचं नाव सांगतोय असं वाटतं; प्रत्यक्षात तो स्वतःचं वय सांगत असतो. ज्यानं चौदाव्या वर्षी ‘इट’ वाचली, तो चाळिशीतही ‘इट’च म्हणणार. ज्यानं बाप झाल्यावर ‘पेट सिमेटरी’ वाचली, तो म्हणेल ‘ती सोडून काहीही वाच’, आणि पुढे विषय बदलेल. तिसरा एक प्रकार आहे तो ‘द डार्क टॉवर’वाल्यांचा. यांच्याशी नजरानजर टाळावी. १९८२ ते २००४ या काळात आलेले सात खंड, २०१२ साली मधेच घुसवलेला आठवा, आणि किंगच्या इतर डझनभर पुस्तकांतून त्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटा, हे सगळं ते तुम्हाला चहा संपायच्या आत सांगतील आणि संध्याकाळी पहिला खंड घरी आणून देतील. तो खंड इतका रुक्ष आहे की पुढचे सहा चांगले निघतील यावर विश्वास बसत नाही. नवशिक्यानं मनोऱ्याच्या वाटेला सध्या जाऊ नये.

सिनेमा पाहिलाय म्हणून पुस्तक गाळायचं, असंही करू नका. कुब्रिकचा ‘द शायनिंग’ (१९८०) जगाला आवडला, किंगला नाही. त्याची तक्रार रास्त आहे: पुस्तकातला जॅक टॉरन्स हा बरा माणूस असतो आणि हळूहळू बिघडतो, पडद्यावरचा जॅक निकल्सन पहिल्याच प्रसंगात बिघडलेला दिसतो. मग बिघडायला उरलं काय? उलट ‘द शॉशँक रिडेम्पशन’ पाहून डोळे पुसणाऱ्या अनेकांना ती गोष्ट किंगची आहे हेच माहीत नसतं. ती ‘डिफरंट सीझन्स’ (१९८२) या चार दीर्घकथांच्या पुस्तकात आहे. ‘मी भुताबितांचं वाचत नाही’ म्हणणाऱ्या घरातल्या ज्येष्ठांना हे पुस्तक द्यावं. लेखकाचं नाव दिसू नये म्हणून कव्हर घालून दिलं तरी चालेल.

पायरी दुसरी: जाडीला भिऊ नका, जाडीवर भाळूही नका

पानसंख्या आणि भीती यांचा संबंध नाही. ‘मिझरी’ (१९८७) म्हणजे जवळजवळ सगळं एक खोली आणि दोन माणसं: पाय मोडून पडलेला लेखक आणि त्याची शुश्रूषा करणारी त्याची सर्वांत मोठी चाहती. तेवढ्यात घाम फुटतो. ‘इट’ (१९८६) पहिल्या आवृत्तीत ११३८ पानांची होती आणि तिच्यातली निम्मी पानं भीतीची नाहीतच. ती सात मुलांची आहेत, त्यांच्या सायकलींची, १९५८ सालच्या उन्हाळ्याची, आणि डेरी नावाच्या गावाची, जिथली मोठी माणसं बघायचं ते बघत नाहीत. किंगची जाड पुस्तकं घाबरवण्यापेक्षा मुक्कामाला बोलावतात. त्यामुळे ती सुट्टीत काढावीत. मे महिन्यात कोकणात आजोळी जाणार असाल, वीज जात-येत असेल, आणि करण्यासारखं दुसरं काही नसेल, तर ‘इट’ न्या. विहिरीजवळ बसून वाचू नका, एवढंच.

‘द स्टँड’ची गोष्ट निराळी. लष्करी प्रयोगशाळेतून सुटलेल्या तापानं जवळजवळ सगळं जग मरतं आणि उरलेले लोक दोन बाजूंना गोळा होतात, अशी ती कादंबरी. १९७८ साली छापताना खर्च परवडेना म्हणून प्रकाशकानं किंगला शेकडो पानं काढायला लावली. १९९० साली तो एवढा मोठा झाला होता की त्यानं ती परत घातली. सगळे म्हणतात पूर्ण आवृत्ती वाचा. मला विचाराल तर जुन्या पुस्तकांच्या ढिगात १९७८ची मिळाली तर तीच उचला. प्रकाशक कधीकधी बरोबर असतात, फक्त कारणं चुकीची देतात. २०२० नंतर हे पुस्तक पुष्कळांना वाचवेनासं झालंय. त्यांनी घाई करू नये.

पायरी तिसरी: आधी घरात नजर टाका

ही पायरी सोडून बाकी सगळ्या गाळल्या तरी चालेल. किंगकडे व्हॅम्पायर आहेत, विदूषक आहेत, भारलेली मोटारगाडी आहे. पण ती मंडळी दारात उभी असतात, आत दुसरंच काहीतरी असतं. ‘द शायनिंग’मधलं हॉटेल भुतांनी भरलेलं आहे, बर्फानं कोंडलेलं आहे, सगळं खरं. पण त्या पुस्तकातली पहिली भीती हॉटेलात पोचायच्या आधीची आहे: बापानं एकदा दारूच्या नशेत, रागाच्या भरात मुलाचा हात मोडलेला असतो. आता तो पीत नाही. आईला आणि मुलाला रोज संध्याकाळी त्याच्याकडे बघून ठरवावं लागतं की आजही पीत नाहीये ना. किंग ते लिहीत होता तेव्हा तो स्वतः पीत होता. जिन्यावरच्या पावलांवरून बाबांची आजची तब्येत ओळखायला जी मुलं लहानपणी शिकली, त्यांना त्या हॉटेलातली एकही भूतबाई लागणार नाही. त्यांनी हे पुस्तक वाचावं की नाही हे मी सांगणार नाही, पण ‘भुताची गोष्ट आहे’ असं समजून तरी उचलू नये.

‘पेट सिमेटरी’ (१९८३) याच चालीवर. १९७०च्या दशकाच्या शेवटी किंग कुटुंब मेन राज्यातल्या ऑरिंग्टन गावात एका रहदारीच्या रस्त्यालगत भाड्यानं राहायला होतं. ट्रक सुसाट जायचे. मुलीचं मांजर त्या रस्त्यावर मेलं. एकदा धाकटा मुलगा, नुकता पळायला शिकलेला, रस्त्याकडे धावला आणि थोडक्यात वाचला. वाचला नसता तर, या एका प्रश्नातून किंगनं पुस्तक लिहिलं, आणि लिहून झाल्यावर ते इतकं भयंकर वाटलं की बाजूला ठेवून दिलं. पुढे जुन्या प्रकाशकाला करारापोटी एक पुस्तक देणं लागत होतं, म्हणून ते बाहेर आलं. घरात चालायला लागलेलं मूल असेल तर हे पुस्तक आणू नका. मूल दहावीला गेलं की आणा. तेव्हा भीतीचे विषय बदललेले असतात.

‘कुजो’ (१९८१) तर आपल्या वाचकांसाठी अलौकिक नाहीच. पिसाळलेला कुत्रा, बंद पडलेली गाडी, आत आई आणि चार वर्षांचा मुलगा, बाहेर उन्हाचा कडाका. अमेरिकेत हे दुःस्वप्न असेल. रात्रपाळीहून स्कूटरवर परतणाऱ्याला आपल्या गल्लीच्या तोंडाशी हे रोज भेटतं, फक्त त्याच्याकडे काचा नसतात. किंगनं नंतर कबूल केलं की त्या काळात तो इतका पीत होता की हे पुस्तक लिहिल्याचं त्याला धड आठवत नाही. न आठवता एवढं लिहिता येतं, हीच त्या पुस्तकातली सर्वांत अस्वस्थ करणारी माहिती. ‘मिझरी’तली ती नर्स म्हणजे आपलं कोकेन होतं, असंही त्यानं पुढे सांगितलं. पण घरात कोणी प्लॅस्टर घालून पडलंय आणि तुम्ही त्याचं सगळं करताय, तर हे पुस्तक त्याच्या उशाशी ठेवू नका. गैरसमज होईल.

तेव्हा नियम असा: जे घरात आहे, ते पुस्तक सध्या नको. जे घरात नाही, ते खुशाल घ्या. व्हॅम्पायर कोणाच्याच घरात नसतात, म्हणून ‘सेलम्स लॉट’ (१९७५) हे त्यातल्या त्यात निर्धोक, आणि पहिल्या दशकातलं फार नेटकं काम. एक लहान गाव, टेकडीवर एक बदनाम वाडा, आणि रात्रीमागून रात्री बंद होत जाणारी दारं.

मराठी वाचकांसाठी जादा सूचना

वाचनालयातून नारायण धारप आणून, पांघरुणात शिरून ज्यांचं बालपण गेलं, त्यांनी इथे क्षणभर थांबावं. तुम्ही बहुधा किंग आधीच वाचलेला आहे. धारपांची ‘लुचाई’ ही ‘सेलम्स लॉट’वरून बेतलेली. त्यांची ‘आजी’ ही कथा किंगच्या ‘ग्रॅमा’वरून, आणि तीच आजी पुढे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) चित्रपटात साखळदंडांत दिसली. म्हणजे मेनमधल्या एका म्हातारीला धारपांनी मराठी केलं आणि बर्व्यांनी कोकणच्या पावसात बसवलं. एवढा प्रवास करून ती कुठेही परकी वाटली नाही. ज्याच्या घरात कधी अंथरुणाला खिळलेली आजी होती आणि संध्याकाळी तिच्या खोलीत एकट्यानं पाणी न्यायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला याचं नवल वाटणार नाही.

पण धारपांवर पोसलेल्या वाचकाला एक धोका आहे, आणि तो आधीच सांगायला हवा. धारपांच्या पुष्कळ गोष्टींत शेवटी कोणीतरी जाणता येतो. समर्थ येतात. त्यांना मंत्र माहीत असतो, सीमा आखता येते, आणि जे आत आलंय त्याला परत कुठे पाठवायचं हेही ठाऊक असतं. आपण पांघरुणात शेवटच्या वीस पानांची वाट बघतो ती त्या आगमनासाठी. किंगकडे समर्थ येत नाहीत. ‘सेलम्स लॉट’मध्ये फादर कॅलहन हातात क्रूस घेऊन व्हॅम्पायरसमोर उभे राहतात, आणि नेमक्या त्या क्षणी त्यांची श्रद्धा कमी पडते. क्रूस उरतो नुसता प्लास्टरचा. त्या फादरना आपली पत सावरायला किंगनं पुढच्या पुस्तकात नव्हे, अठ्ठावीस वर्षांनी, ‘डार्क टॉवर’च्या पाचव्या खंडात संधी दिली. तोपर्यंत वाचकानं काय करायचं? किंगचं उत्तर साधारण असं असतं: गावातला इंग्रजीचा मास्तर, एक लेखक आणि भुतांचे चित्रपट पाहणारा एक अकरा-बारा वर्षांचा पोरगा, एवढ्यांवर भागवायचं. ज्यांना समर्थांशिवाय झोप लागत नाही त्यांनी ‘लुचाई’ पुन्हा वाचावी. त्यात कमीपणा नाही.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा ज्यांना जवळच्या, त्यांनी मात्र कादंबरीकडे न जाता थेट कथासंग्रह घ्यावेत: ‘नाइट शिफ्ट’ (१९७८) किंवा ‘स्केलेटन क्रू’ (१९८५). ‘ग्रॅमा’ दुसऱ्यात आहे. कथा लिहिताना किंगला थांबणं भाग पडतं, आणि थांबलेला किंग फार चांगला लेखक आहे.

पायरी चौथी: साल बघून घ्या

हे पटकन उरकू. सत्तरच्या दशकातली पुस्तकं डोळे मिटून घ्या. ऐंशीच्या दशकातली डोळे उघडे ठेवून. त्यात सर्वोत्तम आणि सर्वांत सैल अशी दोन्ही टोकं आहेत. ‘द टॉमीनॉकर्स’ (१९८७) व्यसनाच्या अगदी शेवटच्या दिवसांतलं, आणि किंग स्वतःच त्याला भिकार म्हणतो, तेव्हा आपण त्याला वेगळं काही सांगायला नको. जून १९९९ मध्ये रस्त्याकडेनं चालताना त्याला एका गाडीनं उडवलं. त्यानंतर दुखण्यातच हातानं लिहिलेली ‘ड्रीमकॅचर’ (२००१) हीसुद्धा त्याला नंतर फारशी आवडली नाही. म्हातारपणातला किंग बिचकत बिचकत वाचायला लागलात तर ‘११/२२/६३’ (२०११) घ्या. ही आपल्या हिशोबानं २२ नोव्हेंबर आहे, अमेरिकन लोक महिना आधी लिहितात. केनेडींची हत्या टाळायला भूतकाळात गेलेला एक शिक्षक, आणि भूतकाळाला ते न आवडणं, असा विषय. भूत एकही नाही.

गुप्तहेरकथांची आवड असेल तर ‘मिस्टर मर्सिडीज’पासून (२०१४) सुरुवात करा आणि तिथून क्रमानंच पुढे जा. मधूनच ‘द आउटसायडर’ किंवा ‘हॉली’ उचललीत तर हॉली गिबनी ही बाई कोण, एवढी का घाबरते आणि तरीही का थांबत नाही, हे पूर्ण कळणार नाही.

बाकमनच्या नावाखालचं एकच सुचवतो: ‘द लाँग वॉक’ (१९७९). शंभर मुलं चालायला लागतात. वेग कमी झाला की ताकीद. तीन ताकिदींनंतरही सुधारलं नाही तर गोळी. शेवटी एक उरतो, त्याला हवं ते मिळतं. किंगनं हे कॉलेजात असताना लिहायला घेतलं होतं. पुण्यात अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची वर्षं काढलेल्यांना पुस्तकाचा आराखडा समजावून सांगावा लागणार नाही. बाकमनचीच ‘रेज’ शोधत बसू नका. अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबारांशी तिचं नाव जोडलं गेल्यावर किंगनं ती स्वतःहून छापणं बंद केलं. आणि हा बाकमन म्हणजे किंग हे १९८५ साली उघड केलं ते वॉशिंग्टनमधल्या एका पुस्तकाच्या दुकानातल्या नोकरानं, सरकारी कॉपीराइटच्या नोंदी तपासून. पुस्तकविक्रेत्यांना कमी लेखू नये.

पायरी पाचवी: शेवटाकडून अपेक्षा नको, आणि थांबायची जागा

किंग आधी कथानक आखत नाही. एक प्रसंग घेतो, त्यात माणसं सोडतो आणि काय होतंय ते बघत लिहितो. म्हणून सुरुवाती अशा जमतात की पुस्तक खाली ठेववत नाही, आणि म्हणूनच शेवट कधीकधी असे येतात की ते भिंतीवर फेकावंसं वाटतं. ‘अंडर द डोम’ (२००९) हजारभर पानं उत्कृष्ट आहे, नंतर तुमचं नशीब. त्याला हे माहीत आहे. ‘इट’च्या दुसऱ्या चित्रपटात (२०१९) तो स्वतः जुन्या वस्तूंचा दुकानदार म्हणून येतो आणि कादंबरीकार नायकाला त्याच्या पुस्तकाच्या शेवटावरून टोमणा मारून जातो. शेवटची पन्नास पानं दिवसा वाचावीत, अपेक्षा न ठेवता, जेवण झाल्यावर.

रात्री थांबायचं कुठे, याचं मार्गदर्शन खुद्द लेखकाचं आहे. किंग तेराच्या आकड्याला भितो. वाचताना तो ९४, १९३ किंवा ३८२ या पानांवर कधी थांबत नाही, कारण त्यांतल्या अंकांची बेरीज तेरा होते. एवढ्या भुतांना जन्म देऊन हा माणूस शेवटी बेरजेला घाबरतो. तुम्हीही ती पानं ओलांडून थांबा. खर्च काही नाही.

एवढं वाचूनही ज्यांना एकच नाव हवं आहे (आणि मार्गदर्शिका वाचणाऱ्यांना शेवटी तेच हवं असतं), त्यांनी ‘द डेड झोन’ (१९७९) घ्यावी. जॉनी स्मिथ हा साधा शिक्षक अपघातानंतर साडेचार वर्षं बेशुद्ध पडून असतो. जागा होतो तेव्हा नोकरी गेलेली, प्रेयसीचं लग्न झालेलं, आणि हात लावला की माणसाचं पुढचं दिसायला लागलेलं. एक दिवस तो निवडणुकीतल्या एका लोकप्रिय पुढाऱ्याचा हात हातात घेतो. पुढे काय करायचं हा प्रश्न किंग जॉनीवर सोडत नाही, तुमच्यावर सोडतो. पुस्तक जेमतेम सव्वाचारशे पानांचं आहे, त्यात राक्षस नाही, बाथरूममध्ये कोणी नाही, आणि शेवटही जमलेला आहे. ते वाचून काहीच वाटलं नाही तर किंग हा तुमचा लेखक नाही असं खुशाल समजा, मतकरी आहेतच.